लेख मेहुण्याचा, संपादक मी

मंडळी, भिसेगावात आम्ही चौघं मिळून भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यावर छोटी पुस्तिका काढतोय. संपादन माझ्या गळ्यात पडलं. आलेल्या लेखांत एक माझ्या मेहुण्याचा, आणि दुसरा त्याची माहिती खोडून काढणारा. दुसरा लेख मी तीन दिवस नुसताच बाजूला ठेवला. का, ते मलाच सांगता येईना. तेव्हा 'तृतीय रत्न' आठवलं.

1855 साली जोतीराव फुल्यांनी हे नाटक लिहिलं. भोळ्या कुणबी जोडप्याला जोशी कसा लुबाडतो आणि शेवटी ते दोघं शिकायला कसे निघतात, ही त्याची गोष्ट. त्यांनी ते पुण्याच्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेतला काही पैसा इंग्रजांनी मराठी पुस्तकांच्या बक्षिसांकडे वळवला होता. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं जोतीरावांनीच नोंदवलंय. नाटक छापून आलं थेट 1979 मध्ये. 124 वर्षांनी!

ते सभासद अडाणी नव्हते. पण ज्या वर्गावर नाटकात टीका, त्याच वर्गाच्या हातात निकाल होता.

हे जुनं झालं म्हणू नका. विद्यापीठांच्या शिफारशीने यूजीसीच्या यादीत आलेली 1009 नियतकालिकं पुण्याच्या संशोधकांनी तपासली, तर 88 टक्क्यांहून जास्त निकषांत बसली नाहीत. 2018 मध्ये यूजीसीने 4305 नावं यादीतून काढली. शिफारस विद्यापीठांची, आणि तिथे छापून बढतीचे गुण मिळणार तेही विद्यापीठातल्याच प्राध्यापकांना. मग कोण कोणाला अडवणार?

चांगल्या नियतकालिकांचा नियम साधा असतो. लेख संपादकाचा, नातलगाचा किंवा सहकाऱ्याचा असला की ते आधी सांगायचं आणि निर्णय दुसऱ्याकडे सोपवायचा. लेख संपादकाचा असेल तर तो कोणी तपासला हेही त्याला कळू द्यायचं नाही.

काल मी दोन्ही लेख नावं झाकून एका निवृत्त गुरुजींकडे दिले. मेहुणा रुसलाय. रुसू दे. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर गेले, त्यांच्याबद्दल चुकीचं छापून त्याला खूश ठेवणं मला जमणार नाही.

कोणाच्या घरी त्या काळची कागदपत्रं असतील तर जरूर कळवा. ती मी तशीच गुरुजींकडे पोचवीन.