सिमेंटची गोणी आणि देणगीची पावती

"तुझी पीएचडी नेमकी कशावर?" हा प्रश्न मला नेरूळच्या आमच्या सोसायटीत, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे विचारला जातो. "सरकारी बांधकामं आणि राजकीय देणग्या," असं सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "त्यात संशोधन काय करायचं? सगळ्यांना माहीतच आहे की!"

बरोबर आहे. तुम्हालाही माहीत आहे. पण "माहीत असणं" आणि "दाखवून देणं" यांत फार मोठं अंतर असतं, आणि माझं संशोधन त्या अंतराबद्दल आहे. महाराष्ट्रात एकदा हे अंतर न्यायालयात पार झालं आणि एका मुख्यमंत्र्याची खुर्ची गेली. आज त्याबद्दल सांगते.

परमिटचा जमाना

आधी एक गोष्ट डोळ्यांसमोर आणा. आज तुम्ही दुकानात जाऊन हव्या तितक्या सिमेंटच्या गोण्या उचलू शकता. १९८० साली ते शक्य नव्हतं. सिमेंटचा भाव आणि वाटप दोन्ही सरकारच्या ताब्यात होतं. घराची साधी डागडुजी करायची तरी अर्ज करा, परमिट मिळवा, मग गोणी. ज्यांनी त्या काळात घर बांधलं, अशा तुमच्या घरातल्या कोणा आजोबांना विचारा, ते परमिटची कहाणी पाऊण तास सांगतील.

आता त्याच काळातली मुंबई आणि खाडीपलीकडची नवी मुंबई आठवा. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ साली खुला झाला. वाशी उभी राहत होती, मुंबईत मजल्यांवर मजले चढत होते. म्हणजे मागणी प्रचंड आणि माल मोजका. सरकारी भाव कमी, काळ्या बाजारातला भाव चढा. या दोन भावांमधला जो फरक, तो कुणाच्या खिशात जाणार हे परमिटवर सही करणारा माणूस ठरवणार. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रतिभा प्रतिष्ठान

जून १९८० मध्ये अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले. रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे. किंबहुना कुलाबा जिल्ह्याचं "रायगड" हे नाव त्यांच्याच कारकिर्दीतलं. आपले पनवेल आणि उरण त्याच जिल्ह्यात येतात. संजय गांधी निराधार योजना त्यांचीच. धडाक्याने निर्णय घेणारा माणूस म्हणून कोकणात आजही त्यांचं नाव आदराने घेतात. हे सांगते, कारण ही गोष्ट एका खलनायकाची म्हणून वाचलीत तर मुद्दा हातातून निसटेल.

त्याच वर्षी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हा ट्रस्ट स्थापन झाला. उद्देश साहित्यिक-कलावंतांना मदत करण्याचा. देणग्या येऊ लागल्या. बिल्डरांकडून आल्या, सहकारी साखर कारखान्यांकडूनही आल्या. आणि गंमत बघा, पैसे पाकिटातून आले नाहीत, चेकने आले. रीतसर पावती फाडून!

चेकने का? इथे थोडी मागची गोष्ट. १९६९ साली कायदा बदलून कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणगी द्यायला बंदी घालण्यात आली. निवडणुकांचा खर्च काही थांबला नाही, वाढतच गेला. पुढारी आणि पैसेवाले यांच्यातला उघड रस्ता बंद झाल्यावर आडवाटा तयार झाल्या. धर्मादाय ट्रस्ट ही त्यांतली एक. ट्रस्टला देणगी देणं बेकायदेशीर नव्हतं, सिमेंटचं परमिट देणंही बेकायदेशीर नव्हतं. दोन्ही कागद वेगवेगळे वाचले तर स्वच्छ.

३१ ऑगस्ट १९८१ रोजी इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरी यांचा "इंदिरा गांधी अ‍ॅज कॉमर्स" हा लेख आला आणि हे दोन कागद एकत्र वाचले गेले. एकीकडे कुणाला किती सिमेंट, दुसरीकडे कुणाची किती देणगी. प. बा. सामंत, मृणाल गोरे वगैरे मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला: बिल्डरांना झालेलं सिमेंटचं वाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध आहे, हा देवाणघेवाणीचा व्यवहार आहे. अंतुले यांनी राजीनामा दिला.

मग पुढे काय झालं?

इथे बहुतेक लोक गोष्ट थांबवतात. मला खरा रस इथून पुढे आहे.

भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी खटल्यासाठी तक्रार केली होती. आता प्रश्न बदलले. आमदार "लोकसेवक" असतो का? मुख्यमंत्रिपद गेल्यावर खटल्यासाठी परवानगी लागते का? १६ फेब्रुवारी १९८४ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, परवानगी लागत नाही, आणि खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोपवला. २९ एप्रिल १९८८ ला त्याच न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवलं की खटला असा हलवण्याचा आदेशच चुकीचा होता. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवतात, पण सिमेंटसाठी नव्हे; न्यायालय स्वतःची चूक कशी दुरुस्त करू शकतं यासाठी! अंतुले यांना शिक्षा झाली नाही. ते पुढे दोनदा केंद्रात मंत्री झाले. २०१४ साली त्यांचं निधन झालं.

म्हणजे संबंध "दिसला", खुर्ची गेली, पण गुन्हा सिद्ध झाला नाही. हे तिन्ही एकाच वेळी खरं आहे.

दरम्यान फेब्रुवारी १९८२ मध्ये सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं आणि १९८९ मध्ये पूर्ण. सिमेंटसाठी मंत्रालयात खेटे घालायचं कारणच संपलं. मला विचाराल तर कोणत्याही खटल्यापेक्षा या निर्णयाने त्या एका धंद्याला जास्त आळा घातला. दोन भावांमधला फरक गेला, तशी सहीची किंमत गेली.

पण सही कुठे गेली?

ती जमिनीच्या वाटपात गेली, चटईक्षेत्रात गेली आणि मोठ्या कंत्राटांत गेली. तुम्ही म्हणाल, कंत्राटाला तर टेंडर असतं, सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला काम मिळतं. हो, पण बोली कोण लावू शकेल याच्या अटी कोण लिहितं? अंदाजपत्रक कोण करतं? काम सुरू झाल्यावर वाढीव खर्चाला मंजुरी कोण देतं? परमिटवरची ती सही आता या तीन जागी वाटली गेली आहे, म्हणून ती शोधायला अवघड.

कंपन्यांच्या देणग्यांवरची बंदी १९८५ साली उठली. पुढे नफ्याच्या ठरावीक टक्क्यांची मर्यादा होती, तीही २०१७ मध्ये काढली गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले: देणगी बँकेतून, पण देणारा गुप्त. म्हणजे १९८१ मध्ये शौरींनी शेजारी ठेवलेल्या दोन कागदांपैकी एक कागदच कुलुपात. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि यादी बाहेर आली.

मग लोकांनी तेच केलं जे १९८१ मध्ये झालं होतं: दोन याद्या शेजारी ठेवल्या. आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं सुमारे १४,४०० कोटींचं काम मे २०२३ मध्ये मेघा इंजिनीअरिंगला मिळालं. त्याच्या आदल्या महिन्यात कंपनीने १४० कोटींचे रोखे घेतले होते. कंपनीच्या एकूण ९६६ कोटींच्या रोख्यांतला सर्वांत मोठा वाटा भाजपला गेला, त्याखालोखाल तेलंगणातल्या भारत राष्ट्र समितीला.

यावरून देवाणघेवाण सिद्ध होते का? नाही. आणि संशोधक म्हणून मी तसं लिहू शकत नाही. ही कंपनी देशभर बोली लावते, तिला वर्षभर कुठे ना कुठे काम मिळतच असतं. त्यामुळे कुठल्याही रोख्याच्या आगेमागे एखादं कंत्राट सापडणारच. खरी कसोटी वेगळी. देणगी न देणाऱ्या कंपन्यांचं काय झालं? टेंडरच्या अटी देणगीच्या आगेमागे बदलल्या का? काम मिळाल्यावर खर्च कुणाचा किती वाढला? रोख्यांच्या विशेष चौकशीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नाकारली. त्यामुळे ही उत्तरं टेंडरच्या कागदांतूनच काढावी लागतील.

अमेरिकेत १९४० पासून केंद्र सरकारच्या कंत्राटदाराने निवडणुकीसाठी देणगी देणंच निषिद्ध आहे. तिथेही पळवाटा आहेत. पण प्रश्न तरी सरळ विचारला गेला आहे: सरकारचं काम घेणाऱ्याने सरकार बनवणाऱ्याला पैसे द्यावेत का? आपण तो प्रश्न अजून असा सरळ विचारलेला नाही.

तर पुढच्या वेळी कुणी "सगळ्यांना माहीतच आहे" म्हणालं, तर त्यांना इतकंच विचारा: दुसरी यादी पाहिलीत का? तुमच्या वॉर्डातल्या रस्त्याचं टेंडर संकेतस्थळावर असतं. अटी वाचा, बोली लावणारे किती होते ते मोजा, आधीचा अंदाज आणि शेवटचं बिल ताडून पाहा. कंटाळवाणं काम आहे, मी रोज करते. १९८१ मध्येही ते कुणीतरी कंटाळा न करता केलं होतं.