अंडरस्टँडिंग
समज, आकलन या अर्थांचा इंग्रजी शब्द. त्याचे मूळ क्रियापद इ. स. ११०० पूर्वीच्या प्राचीन इंग्रजीतही आढळते. ‘अंडर’ म्हणजे खाली, अशी त्याची सर्रास केली जाणारी फोड फसवी होय. येथे हा उपसर्ग ‘मध्ये’ या अर्थी असून संस्कृत ‘अंतर्’चा सगोत्र असावा, असे अनेक व्युत्पत्तिकार मानतात. विषयाच्या मध्ये उभे राहणे, ही त्यातील मूळ कल्पना. मराठी शब्दांतील कल्पना निराळ्या. ‘समजणे’ हे ‘सम् + बुध्’ यापासून प्राकृतद्वारा आले. त्यात जागे होणे अभिप्रेत आहे. ‘आकळणे’ म्हणजे पकडीत घेणे. लॅटिन ‘कॉम्प्रेहेंदेरे’चाही मूलार्थ हाच. इंग्रजी शब्दाला परस्परसंमती असाही अर्थ असल्याने शासनव्यवहारात ‘सामंजस्य करार’ रूढ झाला. त्यातील ‘सामंजस्य’ मात्र, ध्वनिसाम्य असूनही, ‘समज’शी संबंधित नाही, ते ‘समंजस’ (उचित, योग्य) या संस्कृत विशेषणापासून बनले आहे.