पत्र्याची नौका आणि एक गिनी

जहाजांच्या प्रतिकृती जोडण्याचे संच अनेक मुलांच्या ओळखीचे असतात. इंग्लंडमधल्या अशा संचांत जीवरक्षक नौकाही मिळते. साच्यातून काढलेले प्लॅस्टिकचे भाग सोडवायचे, नौकेच्या दोन बाजू एकमेकींना चिकटवायच्या, वर डेक आणि केबिन बसवायची. आधी खरी नौका झाली आणि मग तिची प्रतिकृती, असे जोडणाऱ्याला साहजिकच वाटते. पण जीवरक्षक नौकेच्या इतिहासात प्रतिकृती आधी आली. तिच्यातली मुख्य कल्पना खऱ्या नौकेत उतरायला ६० वर्षे लागली.

ईशान्य इंग्लंडमध्ये टाइन नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्स हे बंदर आहे. १७८९ मध्ये तेथे ‘ॲडव्हेंचर’ नावाचे जहाज वादळात वाळूवर रुतले. किनाऱ्यावर मोठी गर्दी जमली होती, पण त्या लाटांत होडी घालणे कोणालाच शक्य नव्हते. लोकांच्या डोळ्यांदेखत खलाशी बुडाले. त्यानंतर गावात एक समिती नेमली गेली आणि खवळलेल्या समुद्रात टिकणाऱ्या नौकेच्या उत्तम नमुन्यास दोन गिनींचे बक्षीस जाहीर झाले.

विल्यम वुडहेव्ह या रंगाऱ्याने पत्र्याची छोटी नौका करून आणली. ती पाण्यात पालथी घातली तरी आपोआप सुलटी होई. विहिरीवर पाण्यात तरंगणारा लाकडी भांड्याचा तुकडा कसाही टाकला तरी सुलटाच होतो, हे पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात.

यामागचे तत्त्व सोपे आहे. नौकेची दोन्ही टोके उंच, निमुळती आणि हलकी. तळ मात्र जड. नौका पालथी झाली की ती दोन टोकांवर टेकते आणि जड तळ वर जातो. गुरुत्वमध्य उंच गेल्याने ही स्थिती अस्थिर असते. जरा कलताच तळ खाली येतो.

समितीने वुडहेव्हला निम्मेच बक्षीस, म्हणजे एक गिनी देऊ केली. त्याने ती रागाने नाकारली. नौका बांधायचे काम हेन्री ग्रेटहेडला मिळाले. बुचाचे थर लावलेली त्याची ‘ओरिजिनल’ ३० जानेवारी १७९० रोजी पाण्यात उतरली आणि ४० वर्षे कामी आली. १८०२ मध्ये पार्लमेंटने ग्रेटहेडला १२०० पौंड दिले. ही नौका उत्तम तरंगे; पण उलटली तर सुलटी होत नसे.

ही उणीव किती महागात पडू शकते ते ४ डिसेंबर १८४९ रोजी दिसले. त्याच साउथ शील्ड्सला, त्याच धाटणीची ‘प्रॉव्हिडन्स’ एका जहाजाच्या मदतीला गेली आणि उलटली. तिच्यावरील २४ जणांपैकी २० बुडाले.

आता नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकने सुधारित नौकेसाठी १०० गिनींचे बक्षीस लावले. २८० आराखडे आणि प्रतिकृती आल्या. १८५१ मध्ये निवड झाली ती जेम्स बीचिंगच्या आपोआप सुलट्या होणाऱ्या नौकेची. पुढे जेम्स पीक याने तिच्यात सुधारणा केल्या.

तरीही प्रश्न पूर्ण सुटला नाही. १८८६ मध्ये ‘मेक्सिको’ जहाजाच्या मदतीला गेलेल्या दोन नौका उलटून २७ जीवरक्षक मरण पावले. त्यांतली साउथपोर्टची नौका सुलटी होणारी म्हणून बांधली होती. त्या रात्री ती सुलटी झाली नाही. शांत पाण्यातली चाचणी आणि वादळातला समुद्र यांत फरक असतोच.

१९९० च्या दशकात आलेल्या १७ मीटर लांबीच्या ‘सेव्हर्न’ नौकेत उंच टोकांचे काम जलरोधक केबिन करते. उलटल्यावर तिच्यात कोंडलेली हवा नौकेला फिरवते. संचातली केबिन मुले शेवटी शोभेसारखी बसवतात. खऱ्या नौकेत मात्र जीव वाचवणारा भाग तोच आहे.

वुडहेव्हची प्रतिकृती साउथ शील्ड्सच्या संग्रहालयात आहे. वर्गात तशी नौका करणे अवघड नाही. पातळ पत्र्याची होडी, टोकांना थर्मोकोलचे उंच तुकडे आणि तळाला खिळे एवढे पुरे. खिळे एकेक वाढवत जावे, दर वेळी होडी पालथी घालून सोडावी आणि कितव्या खिळ्याला ती सुलटी होते ते मुलांना नोंदवू द्यावे. मग टोके कमी करून पाहावे. वर्षे पाठ करण्यापेक्षा वुडहेव्हने काय शोधले ते अशाने अधिक कळेल.