नाव सापडलं, आता सही शोधा

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली. मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. बरेच जण पणजोबांच्या नावाची नक्कल फाईलला लावून मोकळे झाले. पण मंडळी, नाव सापडणं वेगळं आणि माणूस सापडणं वेगळं. एकाच वाडीत एकाच नावा-आडनावाचे दोघे-तिघे असायचे. त्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत. हा घोळ सुटायला मूळ कागदावरची सही कामाला येते.

नक्कल म्हणजे दुसऱ्याने बघून लिहिलेलं. तिच्यात सहीच्या जागी नुसतं ‘सही’ किंवा ‘अंगठा’ एवढंच येतं. अक्षर येत नाही.

आता ही सही शोधायची कुठे? गाव नमुना नंबर १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात मृत्यूची नोंद मिळेल, जातीचा रकाना मिळेल. पण अक्षर पाटलाचं नाहीतर तलाठ्याचं. घरच्या माणसाचा हात तिथे शोधू नका. आणि आजोबा गिरणीत असताना मुंबईतच गेले असतील, तर नोंद गावात नाही, मुंबई महापालिकेत.

लग्नाचं तर विचारूच नका. चर्चच्या आणि काझींच्या दप्तरात वधू-वर, साक्षीदार यांच्या सह्या मिळू शकतात. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून लग्नाची सरकारी नोंद आहे. तिकडच्या माहेरवाशिणीची सही तिथे सापडेल. आपल्याकडे हिंदू लग्न अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या की झालं. सरकारदरबारी कागद त्या काळी बहुधा नसायचा. घरात लग्नाची ‘याद’ जपलेली असेल तर तिच्यावर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या असतात, नवरीची बहुधा नसते.

म्हणून खरेदीखतं, गहाणखतं, खोताला दिलेल्या कबुलायती बघा. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण कागद अजून माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. तिथे एक गोष्ट नीट वाचा. नावापुढे ‘दस्तुर खुद्द’ असेल तर अक्षर त्याच माणसाचं. ‘निशाणी नांगर’ आणि पुढे दुसऱ्याचा दस्तुर असेल, तर नाव लिहिणारा वेगळा. आपल्या माणसाची फक्त नांगराची खूण. बायकांची निशाणी बांगडीची. पुढे अंगठा आला. बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ मध्ये एका करारावर कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला, तिथपासून ही वाट सुरू होते. नांगर सगळ्या कुळांचा सारखाच, अंगठा मात्र एकेकाचाच.

दोन जागा लोक विसरतात. एक, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. अस्थी घेऊन गेलेल्या मुलाने तिथे घराण्याची नावं सांगून स्वतःच्या हाताने सही केलेली असू शकते. दुसरी, मनीऑर्डरची पोहोच. चाकरमानी मुंबईहून पैसे पाठवायचा, गावाकडे आजी अंगठा द्यायची आणि ती पोहोच परत मुंबईला जायची. कितीतरी घरांत आजीच्या हाताची खूण उरली असेल ती एवढीच. खोलीवरची जुनी पत्र्याची पेटी भंगारात देण्याआधी उघडून बघा.

कार्यालयात गेलात तर टाईप केलेल्या नकलेवर भागवू नका. मूळ पानाची साक्षांकित छायाप्रत मागा. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये कागद स्वतः पाहण्याचाही हक्क आहे. आणि प्रशासनाला एक सांगणं: स्कॅन करायचं तर अख्खं पान करा, समासासकट. नुसती नावं संगणकावर चढवली तर सही, निशाणी आणि अंगठा तिथेच संपतो. आपल्याकडचा पाऊस आणि वाळवी पुढच्या बैठकीची वाट बघत नाही.

ज्यांनी आयुष्यभर फक्त नांगर नाहीतर बांगडी काढली, त्यांची तेवढीच एक खूण कागदावर आहे. घरात असं काही असेल तर आज फोटो काढून ठेवा, आणि मागे पेन्सिलीने कोण, कुठल्या वाडीचं, ते लिहा.