तुरुंगांतील भाषावर्ग

वर्ग म्हटला कीं फळा, खडू व घंटा डोळ्यांपुढें येतात. परंतु विसाव्या शतकांत दोन थोर महाराष्ट्रीयांनीं दक्षिणेकडील भाषांचे धडे घेतले, ते तुरुंगाच्या दगडी भिंतींआड.

इ. स. १९३० सालीं अंमळनेरच्या शाळेंतील शिक्षकाची नोकरी सोडून सानेगुरुजी कायदेभंगांत पडले. धुळ्याच्या तुरुंगांतून त्यांची रवानगी त्रिचनापल्लीस झाली. तेथें मद्रास इलाख्यांतील निरनिराळ्या भाषा बोलणारे सत्याग्रही होते. सर्वांचें व्रत एक, शिक्षाहि एक. पण मनांतील गोष्ट शेजाऱ्यास सांगावयाची तर आधार इंग्रजीचा! ज्या सत्तेशीं झगडावयाचें, तिच्याच भाषेवांचून आपल्या देशबांधवाशीं दोन शब्द बोलतां येऊं नयेत, हें शल्य गुरुजींच्या मनांत रुतलें. ते तमिळ शिकले. पुढें तिरुवळ्ळुवरांचा १३३० द्विपदींचा 'कुरळ' त्यांनीं मराठींत आणला. प्रांताप्रांतांनीं एकमेकांच्या भाषा शिकाव्या, या त्यांच्या 'आंतरभारती'च्या स्वप्नाचें बीज याच अनुभवांत आहे.

पुढें १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं, तीं सानेगुरुजींनीं टिपून घेतलीं. दहा वर्षांनीं, १९४२ च्या आंदोलनांत, विनोबांसहि दक्षिणेंत वेल्लोरच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. त्यांचें वय तेव्हां ४७. या वयांत त्यांनीं तमिळ, तेलुगु, कानडी व मल्याळम् या चारी भाषा एकदम हातीं घेतल्या. वरवर पाहतां हें धाडस वाटतें. पण सख्ख्या बहिणी एकत्र पाहिल्या म्हणजे चेहऱ्यांतील साम्य लवकर ध्यानीं येतें. कानडी व तेलुगु लिपी बऱ्याचशा सारख्या. मल्याळम् संस्कृत शब्दांनीं भरलेली. तमिळ लिपींत मात्र क, ख, ग, घ या चौघांस मिळून एकच अक्षर!

ही विद्या तुरुंगांतच राहिली नाहीं. १८ एप्रिल १९५१ रोजीं भूदानाचें पहिलें दान, शंभर एकर जमीन, विनोबांस मिळालें, तें तेलंगणांतील पोचमपल्लीस, तेलुगु बोलणाऱ्या गांवांत. पुढें तमिळनाडू, केरळ व कर्नाटक हे प्रांतहि त्यांनीं पायीं पालथे घातले.

सरकारनें या दोघांस आपल्या माणसांपासून दूर नेऊन ठेवलें. त्यांनीं परक्या वाटणाऱ्या माणसांनाच आपलेंसें केलें. आज कोणाच्याहि वाटेंत तुरुंगाची भिंत नाहीं. आणि तरीहि शेजारच्या प्रांताची भाषा आपणांपैकीं कितीजणांस येते?