टाकी कुठून आणायची? जुन्या मोटारसायकलीचा एक सुटा भाग आणि साधनचिकित्सा

१/ जुनी मोटारसायकल पुन्हा उभी करणाऱ्यांना विचारा, सर्वांत जास्त कशाने दमवले? पिस्टन, रिंगा, केबली कुठून तरी मिळतात किंवा घडवून घेता येतात. पेट्रोलची टाकी मात्र महिनोन्‌महिने मिळत नाही. हा प्रश्न वरवर मेकॅनिकचा दिसतो. प्रत्यक्षात तो इतिहासाच्या विद्यार्थ्याचा आहे : साधन अस्सल कशावरून मानायचे? आजचा धागा त्यावर.

२/ उदाहरणादाखल जावा घेऊ. समजा, भिवंडीतल्या एखाद्या जुन्या घराच्या पडवीत १९६०च्या दशकातली जावा २५० उभी आहे आणि तिची टाकी तळातून सडली आहे. ही टाकी मुळात कुणाची? चेकोस्लोव्हाकियात १९२९ साली फ्रँटिशेक यानेचेक यांनी वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकल विभाग घेतला. दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव तयार झाले.

३/ १९५०च्या दशकात या गाड्या मुंबईत आयात होत. आयात करणारे होते रुस्तम आणि फारुख इराणी. स्वातंत्र्योत्तर भारताचे धोरण तयार गाड्यांची आयात रोखून देशी उत्पादन वाढवण्याचे होते. विक्रेत्यांपुढे पर्याय दोनच : धंदा बंद करणे किंवा कारखाना काढणे. इराणींनी कारखाना काढला. १९६० साली 'आयडियल जावा' स्थापन झाली आणि १९६१ मध्ये म्हैसूरच्या यादवगिरी भागात उत्पादन सुरू झाले. १९७३ पासून गाडीवर 'येझदी' हे नाव आले. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

४/ याच धोरणातून मद्रासची एन्फील्ड (१९५५, मूळ ब्रिटिश) आणि एस्कॉर्ट्सची राजदूत (मूळ पोलिश) या गाड्याही आल्या. म्हणजे त्या काळच्या भारतीय रस्त्यावर धावणाऱ्या टाक्यांत ब्रिटन, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया अशा तीन देशांची घडण होती. पत्र्याच्या वळणावरून परराष्ट्र व्यापाराचा इतिहास वाचता येतो, तो असा.

५/ टाकी सडते कशी? पत्र्याचे दाबून आकार दिलेले भाग जोडून ती बनते. खालच्या बाजूला, चौकटीवर बसण्यासाठी, मधोमध खोबण असते. गाडी अर्ध्या टाकीवर वर्षानुवर्षे उभी राहिली की रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतली वाफ थिजते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते खोबणीच्या दोन्ही अंगांच्या खोलगट कोपऱ्यांत साचते. गंज आतून बाहेर येतो. म्हणून वरचा क्रोम झळाळत असतानाही तळ चाळणीसारखा झालेला असू शकतो.

६/ जावाचे इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे ऑइल थेट पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. त्या ऑइलचा पातळ थर पत्र्याला काही काळ वाचवतो, पण कोकणपट्टीच्या दमट हवेपुढे तो कायम टिकत नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते, त्यामुळे उभ्या गाडीला धोका वाढतो.

७/ आता मार्ग तीन. पहिला, आहे ती टाकी दुरुस्त करणे. इथे एक इशारा : रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते, कारण आत पेट्रोलची वाफ उरलेली असते. टाकी नीट धुऊन वाफ घालवल्याशिवाय तिला वेल्डिंगची ज्योत लावू नये. हे काम जाणकाराचेच. दुसरा मार्ग, जुन्या बाजारातून त्याच मॉडेलची टाकी मिळवणे. तिसरा, नव्याने घडवलेली प्रतिकृती बसवणे. चेक प्रजासत्ताकात जुन्या जावांचे असे भाग आजही विकले जातात.

८/ दुसऱ्या मार्गाचे पत्ते इकडच्या लोकांना पाठ आहेत : मुंबईत मटन स्ट्रीटचा चोरबाजार आणि कुर्ल्याचे भंगारवाले, पुण्यात मंगळवार पेठेजवळ बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार. या यादीत भिवंडीची वृत्तीही जोडावी लागेल. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग या गावाने आणून पुन्हा चालवले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कापडाचे काम मोठ्या प्रमाणावर इथल्या यंत्रमागांकडे वळले. एक माग कायमचा थांबला की त्याचे भाग काढून शेजारचा चालू ठेवायचा, हे इथल्या कारागिराला शिकवावे लागत नाही.

९/ जुन्या गाडीचेही तसेच आहे. तुम्हाला मिळालेली टाकी कुठल्या तरी दुसऱ्या जावाची असते आणि ती जावा बहुधा भंगारात वजनावर गेलेली असते. विक्रेत्याला विचारा : ही कोणत्या गाडीवरची? नोंदणीपुस्तकात इंजिन आणि चासीचे क्रमांक असतात, टाकीचा नसतो. त्यामुळे चोरीच्या टाकीचा माग काढणे अवघड. लेखी पावती घ्या आणि शक्य असल्यास मूळ गाडीचे क्रमांक तीवर लिहून घ्या. इतिहासाच्या भाषेत, साधनाची परंपरा तपासा.

१०/ मग बहिरंग परीक्षण. खोबणीची रुंदी, पुढची-मागची बैठक, झाकणाच्या तोंडाचा आकार, पेट्रोल कॉकची जागा, गुडघ्याच्या रबरांची भोके आपल्या चौकटीशी आणि जुन्या टाकीशी जुळतात का, ते पाहा. बाहेरून लोहचुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे, म्हणजे खाली पोचा किंवा भोक झाकलेले असू शकते.

११/ त्यानंतर अंतरंग परीक्षण. विजेरीने आत पाहा : गंजाचे पापुद्रे, जुने झाळकाम, नंतर ओतलेला लेप. खोबणीच्या आत, जिथे रंगाऱ्याचा हात सहसा पोहोचत नाही, तिथे मूळ रंग शिल्लक असतो. ताम्रपटाची चिकित्सा करताना आपण लिपी, धातू आणि मजकूर वेगवेगळे तपासतो. इथेही तोच क्रम आहे.

१२/ टाकी मिळाली, बसली, चमकली. आता खरा प्रश्न. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ च्या व्हेनिस सनदेने तत्त्व सांगितले : नवा भाग मूळ वास्तूशी सुसंगत असावा, तरीही तो वेगळा ओळखू यावा, नाहीतर जीर्णोद्धार पुराव्याची फसवणूक करतो. किल्ल्याच्या तटाला सिमेंट थापले की आपण चिडतो, ते याच कारणाने. ऐतिहासिक वाहनांसाठी फीवा या आंतरराष्ट्रीय संघटनेने तुरिन सनद स्वीकारली. बदललेल्या भागांवर कायमची, ओळखता येणारी खूण असावी, असे ती सुचवते.

१३/ भारतात जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली दुचाकीही 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. अशा गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. म्हणजे 'मूळ काय उरले?' हा प्रश्न आता सरकारी कागदावरही आला आहे.

१४/ माझे म्हणणे एवढेच. टाकी जरूर बदला, गाडी रस्त्यावर आणा. मात्र नव्या टाकीच्या खोबणीत, वरून दिसणार नाही अशा जागी, बदलाचे वर्ष कोरा. कुठून आणली, कुणी रंगवली, कोणत्या छटेत, हे एका वहीत लिहून ती गाडीच्या कागदांसोबत ठेवा. सडलेली जुनी टाकी भंगारात देऊ नका. तिच्या रंगाच्या थरांत, पोच्यांत, झाळलेल्या टाक्यांत त्या गाडीची पन्नास-साठ वर्षे नोंदलेली आहेत, आणि ती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाहीत.

१५/ आपल्याकडे कारखान्यांचे दफ्तर क्वचितच जपले जाते. म्हैसूरच्या जावाबद्दल पुढच्या अभ्यासकाला जे सापडेल, त्यातले बरेचसे घरोघरच्या पडव्यांत आणि माळ्यांवर आहे. तुमच्या घरी, आजोबांच्या गाडीची जुनी टाकी, पावती किंवा त्या गाडीसोबतचा फोटो असेल, तर त्यामागे सन आणि गावाचे नाव आजच लिहून ठेवा. घरातली वडीलधारी माणसे सांगू शकतात तोवरच हे काम सोपे आहे.