मुकादम पुढे, कारखाना मागे

दसऱ्याच्या आसपास धाराशिव जिल्ह्यात कळंब, वाशी, भूम, परंड्याच्या वाड्यावस्त्यांवर चौकशी सुरू होते, "औंदा किती कोयतं?" विचारणारा हत्यारं मोजत नसतो. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस आलं तर तो 'अर्धा कोयता'. उचल ठरते ती कोयत्यावर, आणि ती जाते बहुधा नवऱ्याच्या हातात. हंगाम संपून उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते.

ही उचल देणारा मुकादम. शब्द अरबी 'मुकद्दम'चा, अर्थ 'पुढे ठेवलेला'. आपला 'कदम' आणि कोर्टातला 'मुकदमा' याच धातूचे. जुन्या मराठी कागदांत गावच्या पाटलाला 'मोकदम' म्हटलेलं आढळतं. सरकार आणि रयत यांच्या मधला, पुढे केलेला माणूस. फडात त्याची जागा तीच राहिली, फक्त मागे सरकारऐवजी कारखाना आला. मजुराने दाद मागावी, तर कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. ढोकीच्या तेरणा कारखान्यामुळे या जिल्ह्याला साखरेची चव जुनी, तरी इथले कोयते कोल्हापूर-सांगलीला, कर्नाटकात जातात.

हमालांचं नशीब थोडं वेगळं. 'हमाल'सुद्धा अरबीच, ओझं वाहणारा. 'माथाडी' मात्र आपल्या माथ्यावरून आलेला, बाजारात घडलेला शब्द. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने लढून १९६९ चा कायदा करून घेतला, तेव्हा हे दोन्ही शब्द थेट त्याच्या नावात गेले. कायद्याने आलेल्या माथाडी मंडळात टोळीची नोंद, मालकाचीही नोंद, मजुरी मंडळामार्फत. मधल्या माणसाची गरजच उरली नाही.

ऊसतोड्यांनीही कमी केलं नाही. 'कोयता बंद' हा त्यांच्या संपाचा स्वतःचा शब्द. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांनी तो गाजवला. त्यातून दरवाढीचे करार होत गेले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदर ३४ टक्क्यांनी वाढला. त्याच वेळी मुकादमाचं कमिशनही १९ वरून २० टक्के झालं, हेही सांगायला हवं. २०१९ मध्ये मुंडेंच्या नावाने कल्याण महामंडळ आलं, पुढे ओळखपत्रं आली. पण करार म्हणजे कायदा नव्हे. तो मुदतीपुरता असतो, आणि मुदत संपली की पुन्हा कोयता बंद.

माथाडीसारखा कायदा मागणाऱ्या संघटनांना एकच सांगणं आहे. कलमांची घासाघीस नंतर करा, आधी व्याख्या लिहून घ्या: मालक म्हणजे कारखाना, आणि एक कोयता म्हणजे दोन कामगार.